आकाशगंगेसाठीं भिंग

विद्यार्थ्यांकडून सत्तावीस नक्षत्रांचीं नांवें घोकून घेण्यांत आमचें आयुष्य गेलें. पण नागपुरांतील गच्चीवरून आतां कृत्तिकांचा पुंजका शोधणेंही जड जातें, इतका दिव्यांचा झगमगाट माजला आहे. म्हणून पेंच व्याघ्रप्रकल्पाच्या महाराष्ट्रांतील भागास जानेवारी २०२४ मध्यें भारतांतील पहिलें 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली, तेव्हां मला मोठें समाधान वाटलें. सिल्लारी, पिपरिया, खापा इत्यादि गांवांतील शंभराहून अधिक दिवे बदलून त्यांचा उजेड केवळ जमिनीकडे पडेल अशी व्यवस्था तेथें केली आहे.

माझ्या वडील भगिनीनें मला लहानपणीं ध्रुव दाखविला. आज तिचें अंथरूण सुटत नाहीं. आकाशगंगा पुन्हा एकदां पाहावी, एवढीच तिची इच्छा. तिला पेंचला नेणें अशक्य. तेव्हां तेथील आकाशच घरीं आणावें, असें मीं व भाच्यानें ठरविलें. कॅमेरा होता, पण भिंग नव्हतें.

पहिली खरेदी मीं मोहानें केली. एका दुकानांत वापरलेलें १४ मिलिमीटरचें भिंग स्वस्त मिळालें. भर दुपारीं रस्त्याचें चित्र घेऊन पाहिलें, तें उत्तम आलें. रात्रीं मात्र उजव्या कोपऱ्यांतील प्रत्येक ताऱ्यास पंख फुटलेले! पेन्शनीचे पैसे पाण्यांत गेले. छिद्र पूर्ण उघडून चारही कोपऱ्यांत एकेक तेजस्वी तारा आणून पाहिल्यावांचून भिंगाचे पैसे मोजूं नयेत, हें ज्ञान मला असें महाग पडलें.

मग वहीपेन्सिल घेऊन बसलों. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या पूर्ण सेन्सरवर ५० मिलिमीटरचें भिंग कर्णावर सुमारें ४६ अंश आकाश सामावतें, २४ चें ८४, २० चें ९४ व १४ चें ११४. लहान सेन्सर असेल तर मिलिमीटरांस दीडानें गुणावें, म्हणजे १४ चें भिंग २१ सारखें वागतें. दुकानदार हें आपण होऊन क्वचितच सांगतो. परंतु जितकें रुंद तितकें उत्तम, हा भ्रम आहे. वा. वि. मिराशींनीं ज्यास कालिदासाचा रामगिरि ठरविलें, तो रामटेकचा डोंगर १४ च्या भिंगांतून वारुळाएवढा दिसतो! समोर एखादा खडक वा झाड घेतल्याशिवाय अशा चित्रांत जीव येत नाहीं. शिवाय फुगीर कांचेच्या अशा बहुतेक भिंगांवर साधा फिल्टरही बसत नाहीं.

रात्रीं निराळाच हिशेब. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. पडदा फार वेळ उघडा ठेवला कीं ताऱ्यांच्या रेघा होतात. ५०० ला मिलिमीटरांनीं भागावें व येतील तितके सेकंद घ्यावे, असा ठोकताळा आहे. १४ ला ३५, २० ला २५. आजच्या सूक्ष्म सेन्सरांना हेही जास्तच होतात.

"मामा, मग १४ च बरें नाहीं का? दहा सेकंद अधिक मिळतात," भाचा म्हणाला.

"सेकंदांबरोबर छिद्रही मोज," मीं म्हटलें. १४ चें एफ २.८ भिंग घेतलें तर छिद्राचा व्यास ५ मिलिमीटर. २० चें एफ १.८ घेतलें तर ११. क्षेत्रफळ जवळजवळ पांचपट! वेळ कमी मिळूनही ताऱ्याचा प्रकाश तिपटीहून अधिक जमतो. भाच्यानें तीन वेळां गुणाकार तपासला, मग मान डोलावली. आम्हीं २० चें घेतलें, पण या खेपेस कोपरे पाहूनच.

चैत्री अमावास्येस जंगलाबाहेर, एका शेताच्या बांधावर तिपाई रोविली. मध्यरात्रीनंतर आग्नेयेस वृश्चिक वर आला व त्याच्यामागून तो पांढुरका पट्टा. १५ सेकंदांचीं चित्रें घेतलीं.

दुसरे दिवशीं तीं मोठ्या पडद्यावर लावलीं. ताई बराच वेळ कांहींच बोलली नाहीं. मग म्हणाली, "मूळ नक्षत्र कोठें आहे रे?" मीं चष्मा शोधूं लागलों, तोंच तिनें स्वतःच वृश्चिकाच्या शेपटीवर बोट ठेविलें.