दोन औषधांनी गुण आला नाही, तर?

घरातली भाभी महिनोन्‌महिने उदास राहिली, की "ईमान कमजोर झालं", "नजर लागली" असं सहज म्हटलं जातं. दुआ जरूर करा. पण नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर इलाज आहे.

दोन वेगवेगळी औषधं पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे घेऊनही गुण आला नाही, तर डॉक्टर त्याला औषधांना दाद न देणारं नैराश्य म्हणतात. अशा रुग्णांसाठी २०१९ मध्ये अमेरिकेत एस्केटामिन हा नाकात मारायचा फवारा मंजूर झाला. भूल देण्याच्या केटामिनचंच हे भावंड. गोळ्यांना काही आठवडे लागतात; याचा परिणाम काहींना एक-दोन दिवसांतच जाणवतो. सर्वांना तो लागू पडतोच असं नाही.

हा सर्दीचा फवारा नव्हे. तो डॉक्टरांसमोरच घ्यायचा, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा. गुंगी येते, रक्तदाब वाढतो; म्हणून किमान दोन तास देखरेख असते आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही. सवय लागण्याचाही धोका आहे.

म्हणून आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटा. खोपोली किंवा कर्जत लोकलने ठाणे गाठलं, की तिथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. 'टेली-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. रमजानमध्ये गोळ्या परस्पर बंद करू नका. सहरी-इफ्तारच्या वेळा डॉक्टरांना विचारून ठरवा.

आणि कुणी "जगावंसं वाटत नाही" म्हणालं, तर रागावू नका. जवळ बसा, एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.