सरखेल कान्होजी आंगरे : पदवी, दस्तक आणि आरमार

कंपनीच्या इंग्रजी कागदांत कान्होजी आंगऱ्यांस वारंवार 'चांचा' म्हटलें आहे. मराठी कागदांत त्यांचा उल्लेख 'वजारतमाब सरखेल' असा येतो. हे दोन्ही उल्लेख एकाच वेळीं खरे असूं शकत नाहींत. दप्तर चाळणारास यांपैकीं प्रमाण कोणता, हें ठरवावेंच लागतें.

प्रथम पदवी पाहूं. 'सरखेल' हा शब्द फारसी. 'सर' म्हणजे प्रमुख व 'खैल' म्हणजे पथक, विशेषतः घोडेस्वारांचें. मराठी राज्यांत तो आरमाराच्या अधिपतीस लागूं झाला. शिवछत्रपतींनीं उभारलेल्या आरमारावर इ. स. १६८९ मध्यें रायगड पडल्यावर कठीण काळ आला. सिधोजी गुजर १६९८ च्या सुमारास वारल्यावर तें कान्होजींच्या हातीं आलें. पुढें शाहू व ताराबाई यांच्या कलहांत ते ताराबाईंच्या पक्षास होते. १७१३ मध्यें शाहूंनीं पाठविलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे त्यांच्या कैदेंत पडले; तेव्हां बाळाजी विश्वनाथांनीं युद्धाऐवजीं तह केला. त्या तहानें खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग व विजयदुर्ग यांसह १० किल्ले व १६ लहान ठाणीं कान्होजींकडे राहिलीं आणि सरखेलीही कायम झाली. राज्य ज्याच्याशीं तह करून पद देतें, तो राज्याचा अधिकारी होय.

आतां आरमाराची रचना. त्याचा आधार दोन जातींच्या नौकांवर होता. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, सामान्यतः ३०० टनांच्या आंतील; गलबत ७० टनांहून क्वचितच मोठें, पण ४०-५० वल्ह्यांचें. वारा पडला म्हणजे गलबतें गुराबांस ओढून शत्रूच्या पिछाडीस नेत. गुराबांच्या नाळेवरील तोफा त्याच्या डोलकाठ्यांवर चालत. मोठें जहाज वाऱ्यावांचून वळत नसल्यामुळें त्याच्या बाजूच्या तोफा निरुपयोगी ठरत. शत्रु प्रबळ दिसल्यास खाडींत शिरून किल्ल्याच्या माऱ्याखालीं राहावें, हा त्यांचा क्रम. म्हणून किल्ला व आरमार हीं एकाच शस्त्राचीं दोन अंगें होत.

या योजनेची परीक्षा लवकरच झाली. मुंबईकर इंग्रजांनीं १७१७ मध्यें विजयदुर्गावर व १७१८ मध्यें खांदेरीवर केलेल्या स्वाऱ्या फसल्या. १७२१ मध्यें इंग्रज व पोर्तुगीज यांनीं मिळून कुलाब्यावर चाल केली. तीही व्यर्थ गेली.

राहिला चांचेपणाचा आक्षेप. कान्होजी व्यापारी जहाजांस दस्तक देत व दस्तकावांचून फिरणारें जहाज धरीत. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून 'कार्ताज' देऊन हेंच करीत. इंग्रजही परवाने देत. त्यांचें तें राज्यकर्तृत्व आणि कान्होजींची तेवढी लूट, हा न्याय कोणता? वाद वस्तुतः समुद्रावरील सत्तेचा होता. शब्द मात्र प्रतिपक्षाचा टिकला.

कान्होजी ४ जुलै १७२९ रोजीं वारले. थोरले पुत्र सेखोजी १७३३ मध्यें निवर्तल्यावर संभाजी व मानाजी यांच्यांत फूट पडली. पुढें पेशव्यांनींच तुळाजींविरुद्ध इंग्रजांशीं हातमिळवणी केली आणि फेब्रुवारी १७५६ मध्यें विजयदुर्गाच्या बंदरांत तें आरमार जळालें. घराण्याच्या व राज्याच्या दुहीनें, बाहेरच्या शत्रूस जें साधलें नव्हतें तें घडविलें.

संग्राहकांस एक विनंति. सनदा व इनामपत्रें लोक जपतात. दस्तक मुदत संपतांच रद्दी होतो. परंतु वरील वादांत सनदेपेक्षां दस्तकाचीच साक्ष अधिक मोलाची आहे. जुन्या रुमालांत असा चिटोरा आढळल्यास तो टाकूं नये.