दोष शोधावा कसा?

‘दूरसंचाराने जग जवळ आले’ हे वाक्य आपण निबंधात कितीदा तरी लिहितो. पण अमडापुरातील आमच्या घरी हे जवळ आलेले जग गेल्या पावसाळ्यात रोज सकाळी दूर जाई आणि दिवेलागणीला परत येई. असे का होते, याचा शोध घेताना मी जे शिकले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

आमच्या घरात कॉलेजात येणारी मी पहिलीच. बाबांनी सोयाबीनच्या पैशातून माझ्या अभ्यासासाठी ब्रॉडबँडची जोडणी घेतली. एके दिवशी शिष्यवृत्तीच्या अर्जातील त्रुटी दुपारी चारच्या आत दुरुस्त करायची होती, आणि नेमके नेट बंद! मोबाइलचा डाटाही संपलेला. धावतपळत मैत्रिणीचे घर गाठले आणि पावणेचारला अर्ज गेला. तो गेला नसता तर फी कुठून भरायची, हा प्रश्न घरात कुणालाच सुटला नसता. रागाच्या भरात दुरुस्ती करणाऱ्या दादांना मी फोनवर नको ते बोलले. ते दोनदा येऊन गेले होते. पण त्यांना यायला संध्याकाळ होई, आणि तेव्हा सारे सुरळीत असे.

शेतात ठिबकच्या नळीला पाणी आले नाही, तर बाबा लगेच पंप खोलत नाहीत. विहीर, पंप, मोठा पाईप, नळी असे क्रमाने पाहत जातात. नेटचेही तसेच आहे. केंद्रातून केसासारख्या बारीक काचतंतूतून प्रकाश निघतो. वाटेत तो बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटला जातो. घरातील डबीत, जिला आपण ‘मोडेम’ म्हणतो, त्या प्रकाशाचे विजेच्या संदेशात रूपांतर होते आणि तेथून ‘वायफाय’च्या लहरी मोबाइलपर्यंत येतात. काचेतून प्रकाश वळविण्याची ही विद्या आपल्याला परकी नाही. पंजाबात जन्मलेले डॉ. नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ साली काचतंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे नेऊन दाखविले. काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाश दूरवर जाईल, हे १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी मांडले. त्यासाठी त्यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तेव्हा पहिला प्रश्न असा की, दोष वायफायचा की तारेचा? डबीवरील दिवे पाहावेत. ‘पॉन’चा दिवा स्थिर हिरवा असेल तर प्रकाश घरापर्यंत येत आहे. मग मोबाइल घेऊन डबीजवळ बसावे. तेथे नेट चांगले चालले, तर दोष जाड भिंतींचा किंवा डबीच्या जागेचा. वायफायच्या दोन पट्ट्या असतात: २.४ गिगाहर्ट्झची भिंतीतून दूर जाते, पण शेजाऱ्यांच्या लहरींची तिला अडचण होते. ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकते. डबी उंचावर, मोकळ्या जागी ठेवावी. लोखंडी कपाटामागे नव्हे. ‘लॉस’चा दिवा लाल झाला, तर मात्र प्रकाशच येत नाही असे समजावे.

दुसरे, नोंद ठेवावी. मी आठ दिवस वहीत वेळा लिहिल्या. सकाळी साडेसहाच्या सुमारास लाल, संध्याकाळी सातला हिरवा. मी निष्कर्ष काढला, की दिवसा गिऱ्हाइके जास्त म्हणून कंपनीचे नेट कोलमडते! पण हा निष्कर्ष चुकीचा होता. गर्दीने वेग कमी होतो, दिवा लाल होत नाही.

वही पाहून नव्हे, माझी बडबड ऐकून आई म्हणाली, “माय, आजीची खाट भितीले लावली का तुहा लाल दिवा लागते.”

खरेच होते. रात्री आजीसाठी पंख्याखाली ओढलेली खाट आम्ही सकाळी भिंतीला सरकवतो. खाटेच्या पायामागे पिवळी तार काटकोनात चेपली जात होती. काचतंतूला तीव्र वळण मिळाले की प्रकाश बाहेर गळतो. मी तार सोडवून भाकरीएवढे सैल वेटोळे केले. दिवा हिरवा झाला.

दादांना बोलावून मी आधी माफी मागितली. त्यांनी मोजमापाचे यंत्र लावले. प्रकाशाची ताकद उणे २१ होती. खाट लावून पाहिली तर उणे ३०. उणे २७ च्या खाली गेली की बहुधा डबीला काही कळत नाही. दबलेल्या तारेचा तुकडा त्यांनी बदलून दिला. तार ओढू वा कापू नये आणि तिच्या टोकात डोळा लावून पाहू नये, कारण त्यातील प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला अपाय करू शकतो, असेही त्यांनी बजावले.

आता खाट भिंतीपासून वीतभर दूर असते. वहीत वेळ माझी होती. पण त्या वेळी घरात काय घडते, हे पाहणारी आई होती. दोन्ही नोंदी एकत्र आल्या तेव्हाच दोष सापडला. कुणाला दोष देण्यापूर्वी एवढे तरी करावे, हे मला त्या लाल दिव्याने शिकविले.