कल्पित मुलखांची अस्सल नावे

अद्भुतरम्य खेळांच्या नकाशावर, म्हणजे जेथे ड्रॅगन उडतात, जादूगारांच्या विद्यापीठांतून दीक्षान्त समारंभ होतात आणि राज्याराज्यांतील सरहद्दीचे तंटे शतकानुशतके मिटत नाहीत अशा त्या मुलखांच्या नकाशावर, जी शेकडो गावे, बेटे व पर्वत दाखविलेले असतात त्यांची नावे रचणाराने तोंडाला येतील ती अक्षरे जुळवून तयार केलेली असतात, अशी पुष्कळांची समजूत असते. आणि 'नील्फगार्ड', 'स्पिकेरोग' किंवा 'अल्काझारझराय' असले नाव प्रथमच कानावर पडले म्हणजे ह्या समजुतीत काही तथ्य नाही असे म्हणण्याचा धीरही होत नाही. परंतु थोडी चौकशी केली की ध्यानात येते, ते हे की, ह्यांपैकी बहुसंख्य नावांना एखाद्या जिवंत वा लुप्त भाषेचा चोख दाखला आहे, आणि तो दाखला पुष्कळदा कानाला भासतो त्याहून अगदी निराळ्या दफ्तरात सापडतो.

नाव सार्थ असावे, आणि तो अर्थ खऱ्या भाषेच्या व्याकरणाला धरून असावा, हा दंडक ज्यांनी घालून दिला ते जे. आर. आर. टॉल्कीन व्यवसायानेच भाषाशास्त्रज्ञ होते. १९२५ साली ते ऑक्सफर्ड विद्यापीठात अँग्लो-सॅक्सनचे प्राध्यापक झाले, आणि आपल्या एल्फ लोकांसाठी त्यांनी ज्या दोन भाषा घडविल्या त्यांपैकी एकीचा नाद फिनिश भाषेवर तर दुसरीचा वेल्श भाषेवर बेतलेला होता. त्यांच्या घोडेस्वारांच्या राज्यातील 'एडोरस' म्हणजे प्राचीन इंग्रजीत आवारे किंवा वस्त्या, 'मेडुसेल्ड' म्हणजे मधुमद्याचे सभागृह आणि 'आयसेनगार्ड' म्हणजे लोहकोट. त्याहून मार्मिक उदाहरण 'ब्री' ह्या गावाचे आहे. 'ब्री' ह्या केल्टिक कुळातील शब्दाचा अर्थ टेकडी. तो अर्थ विसरलेल्या इंग्रजीभाषकांनी त्याला पुन्हा आपला 'हिल' जोडला, आणि 'टेकडी-टेकडी' असे नाव तयार झाले. ऑक्सफर्डजवळच्या बकिंगहॅमशरमधील 'ब्रिल' हे खरेखुरे गाव नेमके ह्याच रीतीने नावारूपास आले आहे. एका लोकसमूहाच्या वसाहतीवर दुसऱ्याची वसाहत झाली की नावांचे असे थर बसतात. टॉल्कीन ह्यांनी थर कल्पिले, पण थर बसण्याची रीत कल्पिली नाही. १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला आणि त्याच्या पाठोपाठ ह्या प्रकारच्या खेळांची जी प्रचंड संतती निपजली, तिने हा वारसा कोठे जाणतेपणे तर कोठे केवळ अनुकरणाने चालविला.

दुसरी समजूत अशी की, ही सारी नावे उत्तर युरोपातील व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतून उचललेली असतात. पोलिश लेखक आंद्झेय सापकोव्स्की ह्यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेल्या आणि २०१५ साली निघालेल्या 'द विचर ३' ह्या खेळातील स्केलिगे द्वीपसमूह पाहताना तर ही समजूत दृढ होते, कारण तेथील लांब नौका, सरदारांच्या मेजवान्या आणि समुद्रावरील लूटमार ह्या सगळ्यांना व्हायकिंगी थाट आहे. प्रत्यक्षात 'स्केलिग' हा शब्द आयरिश असून त्याचा अर्थ खडक असा आहे, आणि आयर्लंडच्या केरी परगण्यासमोर अटलांटिक समुद्रात त्या नावाची दोन खडकाळ बेटे आजही उभी आहेत, ज्यांपैकी मोठ्या बेटावर ख्रिस्ती यतींचा प्राचीन मठ आहे. खेळातील मुख्य बेट 'आर्ड स्केलिग'. त्यातले 'आर्ड' हेही आयरिशच, अर्थ उंच किंवा थोर. मात्र शेजारच्या बेटांकडे वळावे तो भाषा बदलते. 'फेरो' हे नाव डेन्मार्कच्या राजसत्तेखालील खऱ्या द्वीपसमूहाचे असून त्याचा अर्थ सामान्यतः 'मेंढ्यांची बेटे' असा लावतात. 'हिंडार्सफ्याल' मात्र खरोखरच नॉर्स आहे: वोल्सुंगांच्या सागेत ज्या पर्वतावर ब्रुन्हिल्ड निद्रिस्त असते त्याचे ते नाव. आणि 'स्पिकेरोग' हे, उच्चाराला कितीही कपोलकल्पित वाटो, जर्मनीच्या किनाऱ्यालगत उत्तर समुद्रात असलेल्या स्पीकेरोग बेटाचे नाव आहे, ज्यातील 'ओग' ह्या अंत्य पदाचा तिकडील बोलीत बेट असाच अर्थ होतो. एवढ्याशा समुद्रात इतक्या भाषा एकत्र नांदविणाऱ्या लेखकाच्या धारिष्टाचे कौतुक वाटते, आणि ही भेळ आहे असा आक्षेपही घेता येत नाही, कारण आयर्लंडच्या किनाऱ्यावर नॉर्स दर्यावर्दी येऊन राहिले होते हा इतिहासच आहे.

त्याच खेळातील 'नोव्हिग्राद' हे महानगर क्रोएशियात त्याच नावाने नांदणाऱ्या गावांची आठवण देते. अर्थ 'नवे नगर'. येथे मराठी वाचकाचे कान टवकारतात, आणि ते योग्यच आहे, कारण ह्यातील 'नोव्ह' आणि आपला 'नव' हे सगोत्र शब्द आहेत. इतकेच नव्हे, तर 'ग्राद', 'आयसेनगार्ड'मधील 'गार्ड', आणि आपला संस्कृत 'गृह' व त्यापासून प्राकृतातून आलेले 'घर', हे सर्व आवार किंवा कुंपण अशा अर्थाच्या एकाच आदिम धातूकडे जातात, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. परंतु ह्यावरून नोव्हिग्राद संस्कृतातून निघाले असा निवाडा देण्याची जी घाई आपल्याकडील हौशी व्युत्पत्तिकारांना होते (व्हॅटिकनमध्ये 'वाटिका' पाहणारी मंडळी आपल्या परिचयाची आहेतच) ती सर्वस्वी अनाठायी आहे. ह्या भाषा बहिणी आहेत. बहिणीला आई ठरविण्यात नात्याचा मान वाढत नाही.

संस्कृताचा खरा हक्क पाहावयाचा तर तो चिनी कंपनीने २०२० साली काढलेल्या 'गेनशिन इम्पॅक्ट' ह्या खेळात पाहावा. त्यातील सात राष्ट्रांची नावे भिन्न भिन्न भाषांतून घेतली असून 'मोंडश्टाट' हे जर्मन चंद्रनगर, 'इनाझुमा' ही जपानी वीज आणि 'स्नेझ्नाया' ही रशियन हिमभूमी आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये 'सुमेरू' ह्या राष्ट्राची दारे उघडली, तेव्हा त्यातील वाळवंट व भग्न वास्तू पाहून हे मेसोपोटेमियातील 'सुमेर' असावे असा तर्क करणे सोपे होते. तो चुकीचा आहे. खेळाच्या मूळ चिनी आवृत्तीत ह्या देशाचे नाव 'शूमी' असे आहे, आणि बौद्ध ग्रंथांचे चिनी भाषांतर करणाऱ्यांनी विश्वाच्या मध्यभागी असलेल्या सुमेरू पर्वतासाठी योजिलेली अक्षरे नेमकी तीच आहेत. म्हणजे आपल्या पुराणांतला मेरू बौद्ध भिक्षूंच्या पोथ्यांबरोबर चीनमध्ये गेला आणि तेथून खेळात उतरला.

ह्या देशाच्या अंतर्भागात जावे तर नावांचे वैभव आणखीच वाढते. अरण्यातील 'गंधर्व व्हिल' ह्या वस्तीच्या नावात संस्कृताला फ्रेंच शेपूट आहे. 'छत्रकम्' गुहेत भूछत्राचा संस्कृत 'छत्राक' आहे. 'चिन्वत' दरीला ज्या पुलाचे नाव दिले आहे तो जरथुष्ट्री धर्मग्रंथांप्रमाणे मृतात्म्यांना ओलांडावा लागतो, आणि वाळवंटातील 'आरू' हे खेडे प्राचीन इजिप्तच्या स्वर्गातील वेतांच्या शेताचे नाव धारण करते. अरण्य आणि वाळवंट ह्यांच्या हद्दीवरील ठाण्याला 'कॅराव्हान रिबात' म्हटले आहे. अरबी 'रिबात' म्हणजे मुळात सरहद्दीवरील लष्करी ठाणे आणि पुढे काफिल्यांचे उतरण्याचे ठिकाण, तेव्हा नाव व जागा ह्यांचा मेळ येथे इतका नेमका बसला आहे की नामकरण करणाराने कोश उघडूनच काम केले असले पाहिजे. 'अल्काझारझराय' ह्या वाड्याचे नाव तर सोलून पाहण्याजोगे आहे: 'अल्काझार' हा अरबी 'अल्-कस्र'चा, म्हणजे कोटाचा किंवा राजवाड्याचा, स्पॅनिश अवतार, ते 'कस्र'ही लॅटिन 'कास्त्रुम'वरून अरबीत गेलेले, 'सराय' हा फारसी प्रासाद, आणि ह्या सर्वांपुढे इंग्रजीत पुन्हा 'पॅलेस' जोडलेले. अशा मिश्रणाला हसण्यापूर्वी आपण वडगावापुढे फारसी 'बुज़ुर्ग'चे 'बुद्रुक' करून लावतो हे आठवावे.

ध्वनी कसा फसवितो ह्याचे आणखी एक उदाहरण 'वॉरहॅमर'मधील 'किस्लेव्ह' हे रशियासारखे हिमाच्छादित राज्य: नाव ऐकताच स्लाव वाटते, पण किस्लेव्ह हा यहुदी पंचांगातील हिवाळ्याच्या आरंभीचा महिना आहे आणि ते नाव बॅबिलोनकडून हिब्रूत आले आहे. त्याच खेळातील साम्राज्याची राजधानी 'आल्टडॉर्फ', म्हणजे जर्मनमध्ये 'जुने खेडे'. त्या नावाचे एक गाव स्वित्झर्लंडमध्ये आहे.

उलट बाजूची चूक, म्हणजे साम्य दिसले की लगेच उगम सापडला असे मानणे, ही अधिक विद्वानांच्या हातून होते. टॉल्कीन ह्यांच्या 'मोरिया' ह्या खाणीचा संबंध वाचकांनी बायबलातील मोरिया ह्या भूमीशी जोडला, तेव्हा त्यांनी तो पत्रातून साफ नाकारला आणि खुलासा केला तो असा की, डेसेंट ह्यांनी भाषांतरित केलेल्या नॉर्वेजियन लोककथांतील 'सोरिया मोरिया' ह्या किल्ल्याच्या नावाचा तो निव्वळ प्रतिध्वनी होता; त्या कथेशी त्यांना कर्तव्य नव्हते, नाद आवडला एवढेच, आणि त्या नादाला आपल्या एल्फ भाषेत 'काळा खड्डा' असा अर्थ त्यांनी मागाहून बसवून दिला. आणि काही नावांना तर एवढेही मूळ नसते. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चे एक जनक गॅरी गायगॅक्स ह्यांच्या 'ग्रेहॉक' ह्या जगात 'पेरेनलँड' नावाचा डोंगराळ देश आहे, त्यासाठी कोणत्याही प्राचीन भाषेचा कोश चाळण्याचे कारण नाही. १९७१ साली 'चेनमेल' हे युद्धखेळाचे नियमपुस्तक गायगॅक्स ह्यांच्यासह लिहिणारे त्यांचे स्नेही जेफ पेरेन ह्यांचे ते आडनाव आहे.