जुना हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टर : पंप उघडण्यापूर्वी काय पाहावे?

नाशिक जिल्ह्याच्या द्राक्षपट्ट्यात छोट्या ट्रॅक्टरची दुरुस्ती हा गॅरेजवाल्यांचा हक्काचा धंदा आहे. व्हीएसटी शक्ती, महिंद्रा युवराज यांसारखे बागेतले ट्रॅक्टर गिअरचे असतात आणि ते काम आपल्या कारागिरांच्या हातचे आहे. परंतु एखाद्या क्लबातून किंवा रिसॉर्टमधून विकला गेलेला जुना हायड्रोस्टॅटिक गार्डन ट्रॅक्टर दारात आला, की बरेच जण 'पंप गेला' असे सांगून मोकळे होतात. नव्या पंपाची किंमत ऐकून ग्राहक घाबरतो आणि चालू शकणारे यंत्र भंगारात जाते. पुष्कळदा दोष पंपात नसतोच.

रचना कशी असते?

या ट्रॅक्टरला क्लच दाबून बदलायचे गिअर नसतात. इंजिन एक पंप फिरवते, पंप तेल दाबाने मोटरकडे पाठवतो आणि मोटर मागची चाके फिरवते. पंपात पिस्टनांसमोर एक थाळी असते. पेडल दाबले की ती तिरकी होते. जितकी तिरकी, तितका वेग जास्त. उलट बाजूस कलली की रिव्हर्स. सरळ असली की न्यूट्रल. काँक्रीटच्या ट्रान्झिट मिक्सरचा ड्रम याच तत्त्वावर फिरतो. म्हणून ही विद्या एका ट्रॅक्टरपुरती नाही. ती शिकलेल्या कारागिराला बांधकामाच्या यंत्रांवरही रोजी मिळू शकते.

तपासणीचा क्रम

स्वस्तापासून महागाकडे जावे.

१) बायपास लिव्हर : यंत्र ढकलून नेण्यासाठी हा लिव्हर असतो. तो अर्धवट उघडा राहिला तरी ट्रॅक्टर ओढत नाही.

२) पट्टा : अनेक गार्डन ट्रॅक्टरांत पंप व्ही-बेल्टवर चालतो. पट्टा झिजला किंवा ताण देणारी स्प्रिंग सैल झाली, तर चढावर यंत्र थांबते.

३) लिंकेज : न्यूट्रलमध्ये ट्रॅक्टर हळूहळू सरकत असेल, तर बहुधा पेडलच्या दांड्यांचे ॲडजस्टमेंट बिघडलेले असते.

४) थंडावा : पंपावरचा पंखा तुटला, किंवा खाचांत गवत व माती बसली, तर तेल तापून पातळ होते.

५) तेल व फिल्टर : तेल दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे. फेस व कर्कश आवाज असेल तर हवा ओढली जात आहे किंवा फिल्टर तुंबला आहे. तेलात पितळी चमक दिसली तर मात्र आतील भाग झिजले आहेत, असे समजावे.

तेल कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणेच भरावे. काही युनिटना २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल चालते, काहींना वेगळे ट्रान्समिशन ऑइल लागते. सवयीने ९० नंबरचे गिअर ऑइल ओतू नये.

तेल बदलल्यावर हवा काढणे आवश्यक आहे. पुढच्या चाकांना उटी लावून मागची चाके स्टँडवर उचलावीत. बायपास उघडा ठेवून, इंजिन मंद चालवून पेडल पाच-सहा वेळा पुढे-मागे दाबावे. नंतर बायपास बंद करून तेच पुन्हा करावे व तेलाची पातळी पाहावी. इंजिन चालू असताना गळती कधीही बोटाने शोधू नये. दाबाचे तेल कातडीत घुसते. पुठ्ठा धरून पाहावे.

पंप उघडावाच लागला तर

जागा धूळमुक्त असावी. सुटे भाग स्वच्छ डिझेलने धुवावेत. धागे सुटणाऱ्या चिंध्या वापरू नयेत. प्रत्येक पिस्टनची जागा खूण करून ठेवावी. ब्लॉक व व्हॉल्व प्लेट यांच्या समोरासमोरच्या तोंडांवर ओरखडे असतील, तर पॉलिश पेपर हाताने घासू नये. सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत अचूक काम करणारा कारागीर पाहून त्याच्याकडून तपासून घ्यावे. तोंड किंचित वाकडे झाले तरी तेल आतल्या आत निसटते.

गरम चाचणी आणि सौदा

झिजलेला पंप थंड असताना चांगला ओढतो. तेल तापले की पातळ होते, आत गळते आणि ट्रॅक्टर अडतो. म्हणून जुना ट्रॅक्टर घेताना तो आधीच चालवून ठेवलेला नसावा, थंड स्थितीतून सुरू करावा. मग अर्धा-पाऊण तास कामावर चालवून चढावर पाहावा. विकतानाही ग्राहकाला हीच चाचणी द्यावी. बागायतदार फवारणीसाठी यंत्र घेतो. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी किंवा भुरी आली असताना दोन ओळींच्या मध्येच ट्रॅक्टर थांबला, तर वर्षभराच्या कष्टावर पाणी पडते. हे यंत्र गवत कापणे, हलकी फवारणी व छोटी ट्रॉली यांसाठी आहे, नांगरटीसाठी नाही, हेही स्पष्ट सांगावे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले निघाले. लोकांना दिसेल असे ओले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. सकाळी थंड इंजिनवर ट्रॅक्टर दाखवून विकणे हे ओले धान्य खाली दडविण्यासारखेच आहे.

तपासणीची मजुरी आधी ठरवावी, ती उघड सांगून घ्यावी. दोष, काढलेले जुने भाग आणि अंदाजे खर्च ग्राहकासमोर ठेवावा, आणि पंप न बदलता काम झाले तर तसेच सांगावे. त्या दिवशी कमाई थोडी कमी होईल. पण पुढच्या हंगामात तोच बागायतदार शेजाऱ्याला घेऊन येईल, इन्शाअल्लाह.