मेंडेलचा वाटाणा आणि आमचा टोमॅटो

कला शाखेच्या विद्यार्थ्याने आनुवंशिकतेवर लिहावे, हा काहींना आगाऊपणा वाटेल. पण गेल्या दिवाळीच्या सुटीत देऊळगाव राजा तालुक्यातील आमच्या गावी नववीच्या चार मुलांना विज्ञान शिकविण्याचे काम माझ्याकडे आले आणि 'आनुवंशिकता व परिवर्तन' या धड्याशी पुन्हा गाठ पडली.

मुलांना व्याख्या तोंडपाठ होत्या. मेंडेलने वाटाण्यावर प्रयोग करून १८६६ साली निबंध प्रसिद्ध केला, हेही ठाऊक होते. "याचा आपल्याशी काय संबंध?" असे विचारताच मात्र सारे गप्प! वास्तविक शेजारच्या जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली बियाणे कंपनी काढली आणि आज आमच्या तालुक्यातही शेडनेटमध्ये संकरित भाजीपाल्याचे बियाणे तयार होते. चौघांपैकी एकीची आई तेथेच रोजाने जाते. मी त्या मावशींनाच बोलाविले.

"मी काय शिकवू, दादा? माही तर शाळाच झाली नाही," असे म्हणत त्यांनी टोमॅटोची कळी हातात घेतली. उद्या उमलणारी कळी आज हेरायची. चिमट्याने आतला पिवळा कोष काढायचा, मधल्या काडीला धक्का लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचे पराग त्या काडीच्या टोकाला लावायचे आणि खूण म्हणून फुलाखालच्या दोन हिरव्या पाकळ्या कापायच्या.

"कळी हेरायला उशीर झाला तर?" एकाने विचारले.

"मग तिनं घरातल्या घरातच लगीन उरकलं म्हणायचं!"

पुंकेसर, कुक्षी, स्वपरागण हे शब्द मग मला निराळे समजावून सांगावे लागले नाहीत.

आपले पूर्वज ज्वारीची टपोरी कणसे बियाण्यासाठी वेगळी काढीत. ती निवड होय. ज्वारीत बहुतांशी स्वपरागण होते, त्यामुळे निवडलेले गुण पुष्कळसे टिकतात. संकरात मात्र दोन भिन्न वाणांचे गुण एकत्र आणले जातात. म्हणूनच मावशींचा पुढचा प्रश्न मोलाचा होता : "मंग या बियाच्या झाडाचं बी पुढच्या साली का चालत नाही?"

उत्तरासाठी आम्ही दोन वाट्या घेतल्या. एक आईची, एक बापाची. प्रत्येकीत दहा दाणे तुरीचे, दहा मुगाचे. तूर म्हणजे वाटाण्याचा गोल दाणा देणारा प्रभावी घटक, मूग म्हणजे सुरकुतलेला दाणा देणारा अप्रभावी. डोळे मिटून प्रत्येकीतून एकेक दाणा उचलायचा, नोंद करून परत टाकायचा. जोडीत एक जरी तूर असली तरी वाटाणा गोल. दोन्ही मूग आले तरच सुरकुतलेला. चाळीस खेपांत २९ गोल, ११ सुरकुतलेले आले. मेंडेलला ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले मिळाले होते. म्हणजे जवळजवळ तिनास एक! पहिल्या पिढीत दडलेला गुण दुसऱ्या पिढीत असा वर येतो. ही एका गुणाची गोष्ट. फळाचा आकार, उत्पन्न, रोगाला तोंड देण्याची ताकद अशा अनेक गुणांची एकाच वेळी फाटाफूट झाली, की शेतात एक झाड दुसऱ्यासारखे राहत नाही.

हे सांगताना मला वडील आठवले. काही वर्षांपूर्वी त्यांनी संकरित टोमॅटोचे बी घरीच राखून पुढल्या वर्षी लावले. कुठे गोल फळ, कुठे लांबट, कुठे बोराएवढे! व्यापाऱ्याने भाव पाडला. वडील कितीतरी दिवस बियाण्याच्या दुकानदाराला दोष देत राहिले. दोष त्याचा नव्हता. त्याच वर्षी हाच धडा लिहून मी परीक्षेत चांगले गुण मिळविले होते. पण वहीतला तक्ता आणि आमचे शेत यांचा संबंध मला दिसला नाही, आणि कुणी दाखविलाही नाही.

आमच्यापैकी अनेकजण उद्या शिक्षक होतील. त्यांना एवढीच विनंती : हा धडा शिकविताना मुलांना एकदा तरी शेतात न्यावे. सरळ वाणाचे बी राखता येते, संकरिताचे दरवर्षी नवे घ्यावे लागते, हे मेंडेलचे गणित शेतकऱ्याच्या मुलाला पेरणीपूर्वी कळले पाहिजे. सुटी संपवून निघताना मी ते वडिलांना समजावून सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तवाच सांगितलं असतं तर?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.