रेस दिली की गाडी झटके मारते? पार्ट बदलण्याआधी दोष शोधा

चितेगाव परिसरातील कुटुंबांचे शहरात किंवा पैठणकडे जाणे-येणे पैठण रोडनेच होते. या रस्त्यावर ट्रकला ओव्हरटेक करताना रेस दिली आणि गाडीने झटका मारला, तर समोरून येणारे वाहन थांबत नाही. मुले-बाळे गाडीत असताना हा धोका पत्करू नये. दुसरे नुकसान खिशाचे. अंदाजाने पार्ट बदलत गेले की बिल वाढते आणि झटके तसेच राहतात.

म्हणून आधी झटका नेमका कधी येतो, ते आपणच पाहावे. इंजिन थंड असताना येतो की गरम झाल्यावर? चढावर, लोड असताना, की जास्त वेगात? मोठ्या गिअरमध्ये कमी वेगाने रेस दिली तर चांगली गाडीही झटके देते. तिथे फक्त गिअर खाली घ्यायचा असतो. गाडी सीएनजीवर अडखळते आणि पेट्रोलवर नीट चालते का? तसे असेल तर स्पार्क प्लग व कॉइल पाहा, कारण सीएनजी पेटायला जास्त जोरदार ठिणगी लागते. त्यासोबत गॅसचा फिल्टरही तपासून घ्या.

यानंतर स्कॅनर लावायला सांगा. पी ०३०१ कोड म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग. ज्या गाडीत प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असते, तिथे मेकॅनिकला इंजिन बंद करून पहिली कॉइल दुसऱ्या जागी लावायला सांगा. आता कोड पी ०३०२ झाला, तर कॉइल खराब. कोड तिथेच राहिला, तर प्लग, मग इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन पाहायचे. एकही नवा पार्ट न घेता एवढे कळते.

पी ०१७१ आला तर इंजिनला हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे. फुटलेला हवेचा पाइप, मळलेला एअरफ्लो सेन्सर, चोक झालेला फिल्टर किंवा कमजोर पंप, यापैकी काहीही असू शकते. पंप महाग असतो, म्हणून आधी पेट्रोलचे प्रेशर मोजून घ्यावे. डिझेल गाडीत पहिली शंका डिझेल फिल्टरवर; त्यात पाणी साचले का ते बघा.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी ओढते. त्यामुळे एखादा सदस्य परगावी असल्याने गाडी महिनोन्महिने उभी असेल, तर टाकीतले जुने पेट्रोलही तपासायला हवे.

इंजिनचा पिवळा दिवा सतत पेटलेला असेल तर लवकर गॅरेज गाठा. तो लुकलुकत असेल तर रेस कमी करा, सुरक्षित जागी गाडी थांबवा आणि टो करून न्या. अशा वेळी न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या पाइपात जाऊन जळते आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो. हजार-पाचशेच्या प्लगसाठी केलेला उशीर मग अनेक हजारांचा पडतो.

गॅरेजमध्ये कोणता कोड आला, काय तपासले आणि काय बदलले, हे बिलावर लिहून घ्या. जुना पार्टही मागून घ्या. चांगला मिस्त्री याला नाही म्हणत नाही.